आमचे समुद्रपर्यटन
(लेण्याद्रीच्या पायथ्याशी भरलेल्या वार्षिक ज्ञातिसंमेलनातील व्याख्यान)



मे २०१९ मध्ये मी व सौ. यांनी केलेल्या ग्रीसच्या जलप्रवासाविषयी चार शब्द सांगावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. मी आयुष्यभर मुलांना भूगोल शिकविला. परंतु भूमध्य समुद्र मला नकाशातील निळ्या रंगापलीकडे ठाऊक नव्हता. हे एका मॅट्रिक शिक्षकाचे निवेदन आहे, विद्वानाचे नव्हे, एवढे ध्यानी असावे.

प्रथम एका प्रश्नाचे उत्तर देतो. तो मला तोंडावर कोणी विचारला नाही, पण विचारला सर्वांनीच. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पैशांपैकी जी शिल्लक उरली होती, ती आम्ही या प्रवासात खर्च केली. तेवढ्यात नातीचा एक दागिना झाला असता, घरावरचे पत्रेही बदलून झाले असते. हे सर्व खरे आहे. परंतु माझ्या बदल्यांबरोबर जिने आठ वेळा बिऱ्हाड हलविले, तिने उभ्या जन्मात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली; ती म्हणजे, “अहो, एकदा मला बोटीतून समुद्रापलीकडे न्या.”

या मागणीमागे एक हकिकत आहे. सौ.चे आजोबा पहिल्या महायुद्धात लष्करी नोकरीत बसऱ्यास गेले होते. परत आल्यावर तेव्हाच्या पंचांनी त्यांस समुद्र ओलांडल्याबद्दल प्रायश्चित्त व दंड सांगितला. आजोबांनी दंड भरला नाही. मग दोन वर्षे त्यांच्या घरी ज्ञातीतले कोणी जेवले नाही. ज्या आजीने समुद्र कधी डोळ्यांनीही पाहिला नव्हता, तिची शिक्षा तर त्याहून कठोर होती. गावातील सुवासिनींच्या हातांत बांगड्या भरणाऱ्या त्या बाईला स्वतःच्या ज्ञातीत मात्र हळदीकुंकवाचे बोलावणे नव्हते. ते पंच कोण व कोठले, हे आज उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. तो काळच तसा होता. समुद्रयान हे कलिवर्ज्यांत गणले गेले होते आणि अनेक ज्ञातींत हा जाच होता. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हा आपण का जातो याचा खुलासा त्यांना श्रीरामपूर येथे जाहीर सभेत करावा लागला. त्या एकट्या गेल्या. गोपाळराव मागाहून गेले आणि १८८६ मध्ये पतिपत्नी बरोबर परतली.

आमचा प्रवास अर्थातच एवढा मोठा नव्हे. मुंबईहून विमानाने अथेन्स, तेथे दोन दिवस, पुढे पिरेअस बंदरातून चार रात्रींची बोट. अथेन्सच्या राष्ट्रीय पुराणवस्तुसंग्रहालयात एका देवतेची पुरुषभर उंचीहून मोठी मूर्ती आहे. कोणी तिला झ्यूस म्हणतात, कोणी समुद्रदेव पोसायडन. गेल्या शतकात ती समुद्राच्या तळातून वर काढली. वय सुमारे अडीच हजार वर्षे. आमच्या बरोबरची मंडळी छायाचित्रे काढून पुढे गेली, सौ. मात्र तेथून हलेना. ती कासाराची लेक! “हे ओतीव काम आहे, पण एका ओतणीत झालेले नाही, सांधा कुठे आहे?” असे ती मला विचारू लागली. तेथील मार्गदर्शिकेने सांगितले, की मोठ्या मूर्ती मेणाच्या साच्यांनी तुकड्यातुकड्याने ओतीत व मग जोडीत. सौ.ला स्वतःचेच उत्तर बरोबर आल्याचा जो आनंद झाला, तो माझ्या वर्गात पहिल्या आलेल्या मुलालाही झालेला मी पाहिला नाही.

ती मूर्ती कांशाची, म्हणजे तांबे व कथील यांच्या मिश्रणाची. आपले कासार हे नावही कांस्यकारावरूनच आले. आता पाहा, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात तांब्याची खाण नाही, कथलाचीही नाही. मग आपल्या पूर्वजांच्या मुशीत हे धातू आले कोठून? इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक टिपणात भरुकच्छास, म्हणजे भडोचला, बोटींनी येणाऱ्या मालाची यादी आहे. तीत मद्याच्या खालोखाल तांबे, कथील व शिसे यांची नावे आहेत. आपले कल्याण व सोपारा ही बंदरेही त्यात नमूद आहेत. कल्याणचा माल नाणेघाटाने जुन्नरात चढे. समुद्र निषिद्ध ठरवून आपले पूर्वज बसले असते, तर निदान काही भट्ट्या तरी थंडच राहिल्या असत्या.

याचा पुरावा पाहण्यास ग्रीसला जावे लागत नाही. आपण गिरिजात्मजाच्या दर्शनास वर चढतो, तेव्हा शेजारीच जे चैत्यगृह लागते, ते कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने दिल्याचा लेख तेथे आहे. जुन्नरच्या लेण्यांत यवनांचीही दाने आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चित नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. आणि एका लेखात, मंडळी, बुरुडांच्या श्रेणीबरोबर कासारांच्या श्रेणीकडे ठेव ठेवून तिच्या मासिक व्याजाची व्यवस्था केलेली आहे. दुसऱ्याची ठेव सांभाळण्याइतकी पत असलेली ती आपली ज्ञातिसंस्था! हे मी शाळेत असताना अनेकदा वाचले होते. ते अंगाला भिडले इफेसस येथे.

बोट तुर्कस्तानातील कुशादासी बंदरास लागली, तेथून मोटारीने इफेसस. हा जुना आयोनियाचा किनारा. ‘यवन’ हा आपला शब्द या आयोनियावरूनच आला. इरिल व चित थेट येथून निघाले असे मी म्हणत नाही. तेवढा पुरावा नाही. पण त्यांचे नाव येथल्या मातीचे. तेथे सेल्ससच्या ग्रंथालयाचा दर्शनी भाग पुन्हा उभा केलेला आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात मुलाने वडिलांच्या स्मरणार्थ ते बांधिले. म्हणजे ते आणि आपली ही लेणी साधारण एकाच काळातली! तेथील रौप्यकारांची गोष्ट बायबलात आहे. पौलाच्या उपदेशाने आर्टेमिस देवीची चांदीची देवघरे खपेनाशी होतील, या भीतीने सारे कारागीर प्रेक्षागृहात जमले आणि दोन तास ओरडत राहिले. बहुतेकांना आपण का जमलो हेच ठाऊक नव्हते. ज्ञातिसभांचा इतिहास किती प्राचीन आहे, ते यावरून दिसून येईल!

तेथील संगमरवरी रस्ता बंदराकडे जातो आणि झाडोऱ्यात संपतो. नदीच्या गाळाने बंदर बुजले. समुद्र आता काही कोस दूर आहे. सोपाऱ्याचेही तेच झाले. सौ. त्या रस्त्याच्या टोकाशी थांबून म्हणाली, “पाणी मागे सरले, तसे माणसांचे येणेजाणेही थांबले असेल. मग नियम झाले असतील.” शास्त्राधार काय ते मी सांगू शकत नाही, पण मला हे पटले.

बाकीची बेटे लवकर आटोपतो. पहिल्याच दिवशी सर्वांस जीवरक्षक जाकिटे घालून रांगेत उभे करतात. साडीवर ते नारिंगी जाकीट घातलेल्या सौ.चे छायाचित्र नातीने भिंतीवर लाविले आहे. सँटोरिनीला जुन्या धक्क्यापासून गावापर्यंत सुमारे सहाशे पायऱ्या आहेत, म्हणजे लेण्याद्रीच्या जवळजवळ दुप्पट. गुडघ्यांमुळे आम्ही पाळण्याने वर गेलो. शाकाहाराची अडचण सांगितली जाते तितकी नाही. पाव, चीज, ऑलिव्ह, टोमॅटो विपुल, जोडीला सौ.चे मेतकूट होतेच.

शेवटच्या रात्री ती डेकवर कठड्याशी उभी होती. पदरात बांधून आणलेले हळदीकुंकू तिने पाण्यात सोडले. मी काही विचारले नाही.

पुढच्याच वर्षी साथीमुळे जगभरच्या पर्यटनबोटी बंदरांत अडकून पडल्या. आम्ही एक वर्ष थांबलो असतो, तर तिचे गुडघे पाहता जाणे झालेच नसते. ज्या जोडप्यांना जावयाचे असेल, त्यांस खर्चाचा तपशील व कागदपत्रांची यादी मी लिहून देईन. बोटीवर सामानात काय न्यावे, ते जेवणानंतर भगिनींनी सौ.स विचारावे. ती पुढच्या रांगेत बसली आहे.