अंडें : घरांतलें आणि शाळेंतलें



आजचा विषय ऐकतांच कांहीं घरांत रेडिओचा आवाज कमी होईल, याची मला कल्पना आहे. यजमान सदर भागांत ऑम्लेट खाऊन येतात, परंतु अंडें स्वतःच्या उंबरठ्याआंत येऊं देत नाहींत, अशीं घरें आपल्या नागपुरांत दुर्मिळ नाहींत. त्यांच्याशीं माझा वाद नाहीं. व्रत म्हणून जो अंडें वर्ज्य करितो, त्यानें तें सुखानें करावें. दूध, दहीं व डाळी यांवरहि प्रकृति उत्तम राहते. ज्यांच्या घरीं अंडें चालतें, पण मिळत नाहीं, त्यांच्याविषयीं मला बोलावयाचें आहे.

सुमारें ५० ग्रॅम वजनाच्या एका अंड्यांत ६ ग्रॅम प्रथिन व ५ ग्रॅम स्निग्धांश असतो. सहा ग्रॅम ऐकून कोणी हंसेल. परंतु प्रथिनाची योग्यता केवळ वजनावर ठरत नाहीं. जीं अमिनो आम्लें शरीरास स्वतः तयार करतां येत नाहींत, तीं सर्व अंड्यांत योग्य प्रमाणांत असतात. आपल्याकडील ज्वारीच्या भाकरींत लायसीन नांवाचें आम्ल कमी पडतें. तुरीच्या वरणानें ती उणीव भरून निघते खरी. पण महिन्याच्या अखेरीस वरण किती पातळ होतें, हें गृहिणींना सांगावयास नको. शिवाय ब-१२ हें जीवनसत्त्व धान्यांत किंवा भाजींत नाहीं, अंड्यांत आहे. अ आणि ड हीं जीवनसत्त्वें बलकांत असतात. म्हणून पांढरें तेवढें खाऊन बलक टाकण्याची जी नवी सुशिक्षित रीत निघाली आहे, ती मला उधळपट्टी वाटते.

बलकाची भीति कोलेस्टेरॉलमुळें पडली. अमेरिकेच्या आहार-मार्गदर्शिकेंत दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जी मर्यादा होती, ती २०१५ च्या आवृत्तींतून गळाली. कारण रक्तांतील कोलेस्टेरॉल खाल्लेल्या कोलेस्टेरॉलपेक्षां संपृक्त स्निग्धांनीं अधिक वाढतें. मधुमेही व हृद्रोगी यांनीं आपल्या डॉक्टरांस विचारावें. तालमींत कच्चें अंडें दुधांत फोडून पिण्याची चाल मात्र सोडावी. शिजलेलें अंडें अधिक पचतें, आणि रोगजंतूंचें भयहि राहत नाहीं.

आतां शाळेकडे येतों. चौथ्या तासाला मुलाची मान कलंडूं लागली म्हणजे तो आळशी आहे असें समजणारे शिक्षक पुष्कळ. त्यानें सकाळीं काय खाल्लें, हें विचारणारे थोडे. महाराष्ट्र शासनानें नोव्हेंबर २०२३ मध्यें शालेय पोषण आहारांत आठवड्यास एक अंडें, आणि न खाणाऱ्यास केळें, देण्याचें ठरविलें. निर्णय शहाणपणाचा होता : कोणावर सक्ति नाहीं, कोणी उपाशी नाहीं. पुढें जानेवारी २०२५ मध्यें त्यासाठीं शासनाचा निधि थांबला, आणि ज्या शाळांना अंडीं द्यावयाचीं असतील त्यांनीं लोकसहभागांतून खर्च उभारावा, असें ठरलें. मला हा न्याय उलटा दिसतो. जेथें वर्गणी सहज जमते, तेथील मुलांना अंडें घरींच मिळतें. जेथें तें शाळेंतच मिळावयाचें, तेथें वर्गणी देणार कोण? २०१५ सालीं सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेंत याच शासनानें आदिवासी भागांतील अंगणवाडीच्या बालकांसाठीं आठवड्यांतून चार दिवस अंडें अथवा केळें देण्याची तरतूद पुढें केली होती. म्हणजे अंड्याचें महत्त्व शासनास ठाऊक नव्हतें असें नाहीं.

तोंवर काय करावें? एका अंड्यास टपरीवरील चहाच्या पेल्याहून अधिक पैसे पडत नाहींत. आपल्या मोहल्ल्यांतील पालिकेच्या शाळेंत शाळा व्यवस्थापन समिति असते, आणि तींत पालकच बहुसंख्य असतात. तिच्या अध्यक्षांस भेटून आठवड्याच्या अंड्याचें काय झालें तें विचारावें, आणि एका वर्गाचा खर्च उचलतां येत असेल तर तसें त्यांना सांगावें. उन्हाळ्यांत अंडीं घेतांना एवढेंच पाहावें कीं दुकानदारानें तीं उन्हांत ठेविलेलीं नसावींत. पाण्यांत जें अंडें तरंगतें, तें परत करावें.