अठ्ठावीस सांधे
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



सकाळपासून मी सगळ्यांना लांबूनच नमस्कार करतेय. 'इंजिनिअर होऊन शिष्ट झाली' असं मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, ते ऐकलंय मी! शिष्ट नाही झाले. हात दाबला की दुखतो, एवढंच. सात वर्षांपासून मला आमवात आहे. डॉक्टरांच्या भाषेत रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. शरीराची संरक्षणयंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सुरुवातीला सकाळी तास-तासभर बोटं वळायची नाहीत आणि मी वेडी नवनवे कीबोर्ड विकत घेत होते.

एका मेडिकल कॉलेजच्या संधिवात विभागात माझे उपचार चालतात. पहिल्या दिवशी अपमानच वाटला. मोठ्या मॅडम बाजूला उभ्या आणि शिकाऊ डॉक्टर एकामागून एक माझी बोटं दाबताहेत. हे 'शिकाऊ' एम.डी. होऊन पुढे तीन वर्षं याच विषयाचं डी.एम. करणारे, हे नंतर कळलं. खांदे, कोपरं, मनगटं, गुडघे आणि बोटांचे वीस, असे अठ्ठावीस सांधे मोजतात. दुखरे किती, सुजलेले किती, रक्तातला ईएसआर किती आणि मला स्वतःला शंभरपैकी किती त्रास वाटतो, यावरून एक आकडा काढतात. ५.१च्या वर गेला तर आजार जोरात, २.६च्या खाली आला तर आटोक्यात. त्या सूत्रात वर्गमूळ आहे. बाई, 'याचा पुढे उपयोग काय' असं वर्गात मीच विचारलं होतं ना!

पण त्या अठ्ठावीसात पावलं नाहीत, आणि माझी तर पावलंच जास्त दुखायची. सवयीप्रमाणे मी चूक काढली. मॅडम विद्यार्थ्यांकडे वळून म्हणाल्या, "सूत्र तुलनेसाठी आहे. त्यांना मोजे काढायला सांगा." माझे आकडे, माझ्या संमतीनं, त्यांच्या संशोधनातही जातात. आयुष्यभर दुसऱ्यांचा डेटा सांभाळला, आता मीच त्यातली एक ओळ.

मला मेथोट्रेक्सेट नावाची गोळी सुरू झाली. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. फोनवर आठवण लावताना माझ्याकडून 'दररोज' निवडलं गेलं. इतकी वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून! काही दिवसांत तोंड आलं. मला वाटलं, तिखट बाधलं. नेमकी त्याच आठवड्यात तपासणी होती. पहिल्या वर्षाची एक मुलगी सांधे मोजता मोजता थांबली. "ताई, बोलताना तोंड दुखतंय का? ही गोळी कोणत्या वारी घेता?"

"रोज."

तिचा चेहरा पांढरा पडला. धावतच मॅडमना घेऊन आली. रक्तातल्या पेशी खूप खाली आल्या होत्या. लगेच भरती, उताऱ्याची फोलिनिक ॲसिडची इंजेक्शनं, आणि दाराबाहेर बसलेली माझी आई. आणखी आठवडाभर तशीच घेत राहिले असते तर काय झालं असतं, ते मॅडमनी मला नीट समजावून सांगितलं. ते इथे सांगत नाही.

घरी सोडताना मॅडमनी विचारलं, "तुमची गोष्ट विद्यार्थ्यांना सांगू?" म्हटलं, मीच सांगते. तेव्हापासून दर नव्या बॅचला सांगते, फोन दाखवून. आता माझ्या कागदावर ठळक मराठीत 'फक्त सोमवारी' असं लिहिलेलं असतं. ती मुलगी आता स्वतःच शिकवते. मी दिसले की नमस्काराच्या आधी विचारते, "ताई, वार कोणता?"