काट्यावरचं वजन आणि आतलं हाड

वजनाच्या काट्यावर आपण फार विसंबतो, आणि आजचं माझं सगळं सांगणं त्याविषयीच आहे. २००४ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच आकडे मांडले. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, दोघांचाही २२.३. पण डेक्सा स्कॅनमध्ये युडकिन यांच्या अंगात चरबी निघाली ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! बीएमआयच्या लेखी दोघे सारखेच. धान्याचं पोतं तोललं की भार कळतो. आत गहू किती, कोंडा किती, दाणा भरीव की किडका, ते पोतं उघडल्याशिवाय कळत नाही. डेक्सा ते न उघडता दाखवतं. दोन वेगळ्या शक्तींचे क्ष-किरण हाड, स्नायू आणि चरबी यांतून कमीजास्त अडतात, त्या फरकावरून प्रत्येकाचा हिशेब निघतो.

आता हाडांकडे या. ‘मी बारीक आहे, मला कसली भीती?’ असं म्हणणाऱ्या बायकांना मला कळकळीनं सांगायचंय की बारीक अंगकाठी हाच हाडं ठिसूळ होण्यातला एक धोका आहे. काटा इथंही गप्प बसतो. पाळी गेल्यानंतर डेक्सातला टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या घनतेशी केलेली तुलना, उणे २.५ किंवा त्याखाली गेला की त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. कुणी म्हणेल, किरणांचं काय? खुबा आणि कणा तपासताना मिळणारी मात्रा छातीच्या साध्या एक्स-रेपेक्षाही सहसा कमी असते. गरोदरपण असेल तर मात्र आधी सांगायचं. कुणी म्हणेल, शिबिरात टाच फुकट तपासून झाली आहे. ते यंत्र बहुधा ध्वनिलहरींचं असतं, आणि उणे २.५ ची रेषा त्याच्या आकड्याला लावता येत नाही. खर्चाचा आक्षेप खरा आहे, म्हणून सगळ्यांनीच धावू नये. पण पाळी लवकर गेली असेल, स्टेरॉइड बरेच महिने चालू असतील, किंवा उभ्या उभ्या पडून मनगट मोडलं असेल, तर प्लास्टर निघालं म्हणून विषय संपवू नका, डॉक्टरांना डेक्साबद्दल विचारा.

पोत्यात खडे असले तर भार वाढतो, दाणा वाढत नाही. उतारवयात मणक्यांना हाडाचे काटे फुटतात, त्यांनी कण्याचा आकडा फसवा चांगला येतो. म्हणून खुब्याचा आकडाही बघायचा. शिवाय उणे २.५ च्या वर असलेल्यांचीही हाडं मोडतातच, त्याचं कारण हाडाच्या विणीतही असतं. पण वेळ संपत आला. काट्यावर जाऊ नका, हे पुन्हा सांगते. आणि जुना रिपोर्ट जपून ठेवा: पुढची तपासणी शक्यतो त्याच मशिनवर करून घ्या, कारण दोन कंपन्यांच्या मशिनचे आकडे थेट जुळत नाहीत.