परिषदेत काय पाहिलं, काय बोललो
(गावबैठकीतल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या दाव्यांच्या मोजणीचं काम ऐकून एका विद्यापीठानं परिषदेला बोलावलं, म्हणून मोजणी गटातले आम्ही चौघं जाऊन आलो. गाडीभाडं तुम्ही पाड्यापाड्यातून गोळा करून दिलंत. पैशाचा हिशेब भिंतीवर लावलाय. बाकीचा आता तोंडी देतो.

परिषद म्हणजे मोर्चा नव्हे आणि ग्रामसभाही नव्हे. एकेकाला १५ मिनिटं. घरून लिहून आणलेलं वाचायचं, त्याला 'पेपर' म्हणतात. वेळ संपत आली की अध्यक्ष चिठ्ठी सरकवतात. मग दोन-तीन प्रश्न, की पुढच्याचा नंबर. जत्रेत पोर हरवू नये म्हणून गळ्यात चिठ्ठी अडकवतात ना, तशी नावाची पाटी सगळ्यांच्या गळ्यात. बोलणं बहुतेक इंग्रजीत. आम्ही बारावीपर्यंत शिकलो तरी निम्मंच कळलं. पण नकाशा कळायला इंग्रजी लागत नाही.

एका अभ्यासकानं जव्हार-मोखाड्याकडचा उपग्रहाचा नकाशा पडद्यावर लावला. हिरवं ते जंगल, पिवळं ते शेत. आमच्यातली एक जण तिथंच म्हणाली, 'अरे, ह्या हिरव्यात तर आपली वरकस आहे!' खरंच होती. वरकस जमिनीत आपण मोह-आंबा राखतो, ऐनाच्या फांद्या राबाला छाटतो पण झाड मारत नाही. काही वर्षं नागली-वरई घेतली की जमीन पडीक टाकतो. वरून बघणाऱ्याला ते रानच दिसणार. असलाच फोटो दाखवून आपले दावे उपविभागातून परत आले ना? '२००५ साली शेती दिसत नाही' म्हणून.

आम्ही हात वर केला आणि मराठीतच विचारलं, 'फोटो कोणत्या महिन्याचा?' तो म्हणाला, 'जानेवारीचा. पावसाळ्यात ढगांमुळे जमीन दिसत नाही.' आम्ही म्हणलं, 'नागली तर दिवाळीच्या सुमारास खळ्यावर येते. जानेवारीत ती तुम्हाला शेतात दिसणार कशी?' माणूस भला. वाद घातला नाही, वहीत लिहून घेतलं.

मग आमची पाळी. आम्ही म्हाताऱ्या माणसांच्या जबाबांवर वाचलं. एका प्राध्यापकांनी विचारलं, 'आजीच्या आठवणीला पुरावा कसं म्हणायचं?' प्रश्न रागाचा नव्हता, पण साहेब लोकही हेच विचारतात, म्हणून उत्तर सगळ्यांनी ध्यानात ठेवा. वनहक्क नियमांतल्या १३ व्या नियमात वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब हा पुरावाच आहे. विहीर, बांध, दफनाची जागा, देवाचं ठिकाण, हेही पुरावे. २०१२ च्या सुधारणेनं सांगितलंय की उपग्रहाचा फोटो बाकीच्या पुराव्यांना जोड म्हणून चालेल, त्यांच्या जागी चालणार नाही. अमुकच कागद आणा असा हट्टही कोणाला धरता येत नाही.

आणि आम्ही नुसतं ऐकून लिहीत नाही, हेही सांगितलं. आजी म्हणते, बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीपासून आम्ही इथं कसतो. मग शेजारच्या बांधवाल्याला वेगळं विचारतो. दोघांना घेऊन हद्द चालतो, वाघदेवाच्या दगडापर्यंत. जुळलं नाही तर दोघांचंही लिहितो. ह्यावर प्रश्न आला नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. आदिवासींवर कितीतरी पेपर वाचले गेले. ज्या पाड्यावर लिहिलं, त्या पाड्याला प्रत दिली का, असं आम्ही जेवणाच्या वेळी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी मान खाली घातली. नकाशावाल्याला आम्ही सांगितलं, तुमचा नकाशा मराठीत, वर महिना घालून पाठवा. तो हो म्हणालाय. आला तर इथंच लावू, नाही आला तर तेही बैठकीत सांगू.

आता काम. ज्यांचा दावा नाकारल्याचा कागद आलाय, त्यांनी तो आजच दाखवा. कागद हातात पडल्यापासून ६० दिवसांत जिल्हा समितीकडे अर्ज करता येतो, म्हणून तारीख बघायचीय. एका पुराव्यावर भागत नाही, निदान दोन लागतात. जबाब आणि हद्दीचा पंचनामा दोन्ही जोडू. जबाबात पीक कोणतं, पेरा कधी, कापणी कधी, हेही लिहू. सोमवारी खालच्या पाड्यापासून सुरुवात. आजी-बाबांनो, त्या दिवशी फाट्याला रानात जाऊ नका, घरीच थांबा.