लिहिलेली तबकडी पुन्हा वाचून पाहा



घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावातही आज काय काय संगणकात गेले आहे पाहा. फोटो स्टुडिओतली लग्ने, कापसाचे हिशेब, सातबाऱ्याच्या प्रती आणि एखाद्या घरी तर गेलेल्या आजोबांचा एकुलता एक फोटो. हे सारे बहुधा एकाच हार्ड डिस्कवर असते. ती बंद पडली तर दुसरी बाजारात मिळेल, आजोबांचा फोटो मिळणार नाही.

म्हणून दुसरी प्रत हवी. ती पेनड्राइव्हवर घेता येते. पण तिथला मजकूर जसा लिहिता येतो तसा पुसताही येतो. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरातल्या दोन लाखांहून अधिक संगणकांतल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. अशा वेळी संगणकाला जोडून ठेवलेली प्रतही सुरक्षित नसते. डीव्हीडी-आर मात्र एकदाच लिहिली जाते. ती लिहून बंद केली, की तिच्यावरचे अक्षर ना व्हायरस बदलू शकत, ना आपले चुकलेले बोट.

नव्या लॅपटॉपमध्ये बर्नर सहसा नसतो. यूएसबीला जोडायचा बाहेरचा बर्नर मात्र मिळतो, आणि लिनक्सवर त्यासाठी वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. मी ‘के-थ्री-बी’ हा मोफत प्रोग्राम वापरतो. डीव्हीडीवर ४.७ जीबी छापलेले असले, तरी अनेक प्रोग्रामच्या मोजणीत ती जागा सुमारे ४.३७ भरते. त्या बेताने फायली निवडाव्यात.

खरी अडचण विजेची. यूएसबी २.० च्या साध्या खाचेतून अर्धा अँपिअरच वीज मिळते आणि लिहिताना काही बर्नरना त्याहून जास्त लागते. म्हणून बर्नर हबवर न लावता थेट लॅपटॉपला लावावा. दोन तोंडांची केबल आली असेल तर दोन्ही तोंडे जोडावीत. लॅपटॉपची बॅटरी आधी पूर्ण भरून घ्यावी. मग मध्येच लाइन गेली तरी काम अडत नाही. नाहीतर अर्धवट लिहिलेली डीव्हीडी-आर वायाच जाते.

आता सर्वांत महत्त्वाचे. ‘काम पूर्ण’ असे पडद्यावर आले, म्हणजे प्रत झाली असे नव्हे. कापूस विकणारा शेतकरी घरचे वजन आणि काट्यावरचे वजन ताडून पाहतो ना? तसेच इथे करायचे. के-थ्री-बीमध्ये लिहिलेला मजकूर पडताळण्याची सोय आहे, तिच्यावर खूण करावी. त्याशिवाय ‘शा-२५६-सम’ ही आज्ञा प्रत्येक फाइलचा एक आकडा काढून देते. मूळ फाइलचा आणि तबकडीवरच्या फाइलचा आकडा जुळला, तरच निश्चिंत व्हावे. शक्य तर ही तपासणी दुसऱ्या संगणकावरही करावी.

तबकडीही अमर नाही. तिच्यातला रंगाचा थर उन्हाने आणि उष्णतेने खराब होतो. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ती ठेवू नये. प्लॅस्टिकच्या डबीत, घरातल्या सर्वांत थंड कपाटात उभी ठेवावी. दोन प्रती काढाव्यात, एक आपल्याकडे आणि एक दुसऱ्या गावच्या नातलगाकडे. वर्षातून एकदा दोन्ही वाचून पाहाव्यात.

सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. तबकड्यांचा बाजार आटतो आहे. तेव्हा जुन्या सीडी घरात पडून असतील, तर त्या वाचता येतात तोवर या दिवाळीच्या आत उतरवून घ्या.