घारापुरीची एक दिवसाची सहल

भाताची झोडणी झाली, पेंढा रचून झाला की बचत गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. यंदा सहल कुठे? बहुतेक वेळा देवदर्शन ठरतं, आणि त्यात वाईट काहीच नाही. पण आज मी तुम्हाला एका बेटाबद्दल सांगणार आहे. आमचा गट गेल्या जानेवारीत तिथे जाऊन आला. एका दिवसात होतं, पायाला थोडं चालणं मिळतं, आणि पाखरं, खेकडे, माकडं अगदी जवळून बघायला मिळतात.

बेटाचं नाव घारापुरी. रायगड जिल्हा, उरण तालुका. शहरातली माणसं त्याला एलिफंटा म्हणतात. पोर्तुगीज आले तेव्हा तिथे दगडाचा भला मोठा हत्ती होता, त्यावरून ते नाव पडलं. हत्ती आता मुंबईत भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. नाव मात्र बेटालाच चिकटून राहिलं.

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावरून लाँचने साधारण तासाभरात पोचता येतं. सोमवारी लेणी बंद असतात, तो वार टाळा. लाँचमध्ये चढलं की पहिलं काम लाइफ जॅकेट घालायचं. डिसेंबर 2024 मध्ये याच मार्गावर प्रवासी बोटीला स्पीडबोटीची धडक बसून माणसं दगावली. तेव्हा साडीवर ते कसं दिसतं हा विचार नको. पट्टे नीट आवळा, मुलांना त्यांच्या मापाचं मागून घ्या.

आता दिवस कुठला निवडायचा? आपल्या घरात पंचांग असतं, तेच बघा. अमावास्या-पौर्णिमेला या बाजूला दुपारी बाराच्या सुमारास भरती असते आणि रोज ती पाऊण तासाने पुढे सरकते. म्हणजे चतुर्थी-पंचमीला सकाळी साडेनऊ-दहाला ओहोटी सापडते. तेव्हा पोचलात तर धक्क्याच्या दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडलेला असतो. लोक तिथून घाईघाईने पुढे जातात. तुम्ही थांबा. चिखलावर निवट्या उड्या मारताना दिसतील. मासा असून पाण्याबाहेर राहणारा हा जीव आमच्या खाडीकडच्या बायकांना कालवणातून माहीत आहे, पण जिवंत असताना तो दोन पंखांवर कसा सरपटतो हे बघत बसावं. एक नांगी मोठी नि एक बारकी असलेले खेकडे दिसतील. ती मोठी नांगी फक्त नराला असते. मादीच्या दोन्ही बारक्याच, त्यामुळे तिला दोन हातांनी खाता येतं! आणि तिवरांच्या भोवती चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर आलेली दिसतील. चिखलात हवा नसते, म्हणून तिवर त्या मुळांनी श्वास घेतं.

धक्क्यापासून पायथ्यापर्यंत चालत जा. छोटी गाडी आहे, पण चालण्यात मजा आहे. पुढे लेण्यांपर्यंत सुमारे 120 पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्या मावशींना डोली मिळते, पैसे आधी ठरवून घ्या. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दुकानं आहेत. माळा, टोप्या, काकडी, कैरी, बोरं. विकणाऱ्या बऱ्याचशा बेटावरच्याच बायका.

आणि इथेच माकडं. काळ्या तोंडाचे वानर नव्हेत, ही आखूड केसांची, भुऱ्या रंगाची माकडं. पिशवीची कुरकुर ऐकली की धावत येतात. आमच्यापुढे एक कुटुंब चाललं होतं, त्यांनी हौसेने बिस्किटं दिली, फोटो काढले. काकडी विकणारी मावशी आमच्याकडे वळून म्हणाली, "बाय, ते एक बिस्कीट देऊन जातील. संध्याकाळी तीच माकडं माझ्या घराची कौलं उचकटतील."

ती सांगत होती ते आपल्याला नवीन नाही. आपल्याकडे भुईमुगाची नि केळीची काय गत होते ते आपण बघतोच. फरक एवढाच, की तिचं शेत म्हणजे ही काकडीची टोपली. माकड एका फटक्यात चार काकड्या उचलतं, म्हणजे दिवसाची निम्मी कमाई गेली. तिच्याकडे एक काठी होती आणि नजर सारखी फांद्यांवर. गिऱ्हाईकाशी बोलतानासुद्धा ती वरच बघत होती.

म्हणून सांगते, खायला घालू नका. खाऊ पिशवीत नाही, पदराआड बांधलेल्या कापडी झोळीत ठेवा. माकडाच्या डोळ्याला डोळा लावू नका आणि दात काढून हसू नका, त्याला ती धमकी वाटते. पळायचं नाही, सावकाश बाजूला व्हायचं. तरी चावलं किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्या.

लेण्यांबद्दल मी फार बोलत नाही, ती डोळ्यांनीच बघायची. 1987 पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत. सगळे त्रिमूर्तीपुढे थांबतात, थांबावंच, सुमारे वीस फूट उंचीचं काम आहे. पण तिच्या शेजारी अर्धनारीश्वर आहे, तिथेही थोडा वेळ काढा. आमच्या गटातल्या काकू तिथून हलेनात.

लेण्यांवरून वर तोफेच्या टेकडीकडे वाट जाते. अर्ध्या तासाचा चढ आहे. पाणी न्या, उन्हं चढायच्या आत जा. वर जुन्या तोफा आहेत आणि चारी बाजूंना खाडी. बहुतेक सहली लेण्यांवरूनच परततात, त्यामुळे इथे शांतता असते. घारी तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर फिरतात.

वरून घरं दिसतात. बेटावर तीन गावं आहेत, शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. समोर मुंबईचे दिवे रात्रभर लखलखत, आणि इथे कायमची वीज आली 2018 च्या फेब्रुवारीत, समुद्राखालून केबल टाकून. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा. त्या मावशीला विचारलं, वीज आल्यावर पहिलं काय घेतलं? म्हणाली, "फ्रीज. मासळी टिकते, नि गिऱ्हाइकाला थंड पाणी विकता येतं."

परतीची शेवटची लाँच किती वाजता ते उतरल्याबरोबर धक्क्यावर विचारून ठेवा. पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही. हिवाळ्यात गेलात तर जाता-येता दोन्ही वेळा पांढरे कुरव लाँचच्या मागे लागतात. लोक त्यांना वेफर्स टाकतात. आमच्या बायकांनी पिशव्यांची तोंडं बांधून ठेवली, तरी पाखरं पार गेटवेपर्यंत सोबत आली.