‘पिसाळणे’ या शब्दापलीकडे

(वाचकमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कुत्र्यामांजरांच्या आरोग्याविषयीचे पुस्तक मराठीत आणताना परिभाषेची अडचण येते, पण ती फारशी छळत नाही. ‘डिस्टेंपर’, ‘पार्व्हो’ अशी नावे देवनागरीत लिहून अनुवादक मोकळा होतो. खरा अडथळा करतात ते भाषेत पूर्वीपासून ठाण मांडून बसलेले शब्द. ‘पिसाळणे’ हा त्यांतला सर्वांत घातक शब्द होय, असे माझे मत झाले आहे.

‘पिसाळलेले कुत्रे’ म्हटले की तोंडाला फेस आलेले, दिसेल त्याच्या अंगावर धावणारे जनावर आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. रेबीजचे हे एक रूप आहे खरे. परंतु दुसऱ्या रूपात कुत्रे धावत नाही की भुंकत नाही. ते अंधाऱ्या कोपऱ्यात पडून राहते, त्याचा जबडा लोंबतो, लाळ गळते, घास गिळवत नाही. धन्याला वाटते, घशात हाड अडकले असावे. आणि तो मायेने त्याच्या तोंडात हात घालतो. हातावर एखादी ताजी जखम असली तर विषाणूला तेवढी वाट पुरते. ज्याला आपण ‘पिसाळलेले’ म्हणणार नाही, असेच हे कुत्रे असते. मांजराच्या बाबतीत तर हा शब्द सहसा ओठांवर येतच नाही. त्यामुळे मांजराच्या चाव्यानेही रेबीज होऊ शकतो, हे पुष्कळांच्या गावी नसते.

‘जलसंत्रास’ ह्या नावाचीही अशीच गत. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात ‘जलत्रास’ आला आहे, तो दंश झालेल्या माणसाचे लक्षण म्हणून. कुत्र्याला पाण्याचे भय वाटतेच असे नाही. तेव्हा ‘आमचे कुत्रे पाणी प्याले, म्हणजे काळजी नाही’ ह्या बोलण्याला काही आधार नाही.

विषाणू जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. ह्या प्रवासाला बहुधा दोन-तीन महिने, क्वचित आठवडा, तर क्वचित वर्षही लागते. लक्षणे उमटल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. त्याआधीचा अवधी तेवढा आपल्या हाती असतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट ह्यांपैकी काहीही तीत भरू नये. त्यानंतर विनाविलंब लस घ्यावी. रक्त आलेल्या जखमेत प्रतिपिंडांचे औषधही टोचावे लागते. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी हे खरे. पण त्याचा अर्थ लस दहा दिवस लांबवावी असा मुळीच नव्हे. पोटातील चौदा सुयांची दहशत अजूनही ऐकू येते. ती कसौलीत डेव्हिड सेंपल ह्यांनी विकसित केलेल्या जुन्या लशीची आठवण होय. ती लस आपल्या देशात ह्या शतकाच्या पहिल्या दशकातच बंद झाली. आता मोजकीच इंजेक्शने लागतात आणि ती दंडात देतात.

पण मुळात रोग थांबवायचा तो कुत्र्यातच. पिलाला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची पहिली लस, आणि पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने बहुधा दरवर्षी. गोव्यात २०१३ नंतर रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही जाळ्यांनी धरून, दरवर्षी सुमारे एक लाखाच्या घरात लसी दिल्या गेल्या. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथील कुत्र्यांमधील रेबीज सुमारे ९२ टक्क्यांनी घटला. कुत्री मारून हे साधले नाही, हे मुद्दाम सांगतो.

आता स्वभावाविषयी. जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर ह्यांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, तिसऱ्या ते सुमारे बाराव्या आठवड्यात पिलाला जे परिचित होते, त्याचे भय पुढे वाटत नाही. इथे एक पेच आहे. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती लशीच्या आड येत असल्यामुळे पार्व्होची लस सहाव्या-आठव्या आठवड्यापासून सोळाव्यापर्यंत पुनःपुन्हा द्यावी लागते. आणि तोवर पिलाला घराबाहेर नेऊ नये, असे सांगितले जाते. म्हणजे परिचयाचा काळ चार भिंतींतच संपतो! माझ्या मते त्याला जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन बाजार दाखवावा. घंटा, फटाके, छत्री, दाढीवाला माणूस, रांगते मूल ह्यांची ओळख करून द्यावी. पिलू गुरगुरले म्हणून त्याला मारू नये. गुरगुरणे ही पूर्वसूचना होय. ती बंद पाडली की कुत्रे न सांगता चावते.

मांजराचा परिचयकाळ याहून आधी, दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात येतो. मांजर आपले दुखणे लपवते; म्हणून त्याच्या वागण्यातील फरक हेच पुष्कळदा पहिले लक्षण असते. आपण त्याला खोड म्हणतो. बोका मातीच्या पेटीत पुनःपुन्हा जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो आणि लघवी होत नाही, तेव्हा त्याचा मूत्रमार्ग तुंबलेला असण्याचा संभव असतो. एक-दोन दिवसांत तो दगावू शकतो. घरातील पॅरासिटामॉलची गोळी त्याला चुकूनही देऊ नये. मांजराचे यकृत ती पचवू शकत नाही. रात्र असली तरी त्याच रात्री पशुवैद्याकडे न्यावे.